झडपांविना चालणाऱ्या इंजिनाचे जनक : फेलिक्स वांकेल

रोटरी इंजिनाचे जनक फेलिक्स वांकेल यांचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ रोजी जर्मनीतील लार येथे झाला. वडील पहिल्या महायुद्धात गेले; अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण लाभले नाही. तरीही हायडेलबर्गच्या छोट्या कार्यशाळेतून त्यांनी १९२९ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट मिळवले. नाझी पक्षाशी जोडलेले नाते हा मात्र या चरित्रावरील डाग होय. युद्धानंतर एनएसयू कंपनीत १९५७ साली त्यांचे इंजिन प्रथम फिरले.

या इंजिनात झडपा नसतात. त्रिकोणी रोटरच फिरताना हवेचे द्वार उघडतो व मिटतो. म्हणूनच शर्यतींसाठी इंजिन बांधणारे कारागीर त्या द्वाराची कड कोरतात, हवेची नळी घासून गुळगुळीत करतात. त्यामुळे वरच्या वेगात ताकद वाढते. अति कोरल्यास मात्र कमी वेगात इंजिन अडखळते. १९९१ मध्ये ल माँ शर्यत जिंकणाऱ्या माझदाच्या इंजिनात या नळ्यांची लांबी धावतानाच बदलत असे.

तो विजय वांकेल यांना पाहता आला नाही. ९ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. दृष्टी अधू असल्याने मोटार चालविण्याचा परवाना या संशोधकाने कधीच घेतला नव्हता.