जोडेघाटचा भीम

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यायचे, असा आपला प्रघात आहे. तथागत, सम्राट अशोक, जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब, माता रमाई यांच्यावर आजवर लिहून झालं. यंदा बैठकीत नाव निघालं ते कुमराम भीम यांचं. काहींनी विचारलं, हा कोण? काहींचं म्हणणं पडलं की आपल्या स्मरणिकेत गोंडाचं चरित्र कशाला? दोन्ही प्रश्न रास्त होते. म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला.

आर्णीहून माहूर काही लांब नाही. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की जुना निझामी मुलूख सुरू होतो. आज माहूर-किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. तिकडचा राजुराही त्याच जिल्ह्यात. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या जंगलात भीम लढला आणि मारला गेला, त्या जिल्ह्याची शीव आपल्या गावापासून एका बैलगाडीच्या प्रवासावर होती. आपल्या तालुक्यातल्या गोंड-कोलाम बांधवांचे सोयरे आजही नदीपलीकडे आहेत. आपल्या शेजाऱ्याच्या घरातली ही गोष्ट आहे आणि ती आपल्याला माहीत नाही, हेच आम्हाला खटकलं.

भीमचा जन्म १९०१ सालचा, आसिफाबादजवळच्या संकेपल्ली या गावचा. बाबासाहेबांपेक्षा तो दहा वर्षांनी लहान. कुमराम हे त्याचं कूळ, बापाचं नाव चिन्नू. घरात बोली गोंडी, बाजारात बोली मराठी. तिकडच्या गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बराचसा मराठीतच चालायचा.

त्या काळात गोंडाची शेती म्हणजे चार-दोन वर्षं एक तुकडा वहायचा, तो थकला की दुसरा. जमीन कोणाच्या नावाची, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण जंगल सगळ्यांचं. मंग सरकार आलं, मोजणी आली, आणि जंगलाभोवती रेघ मारून ते राखीव झालं. रेघेच्या आत सापडलेली गावं एका दिवसात बेकायदेशीर ठरली. बाहेरची चांगली जमीन सपाटीवरून आलेल्या सावकार-पाटलांनी कचेरीत जाऊन नावावर करून घेतली. गोंडाला कचेरी ठाऊक नव्हती, अर्ज लिहिता येत नव्हता. पाच पिढ्या कसलेल्या जमिनीवर तो कूळ झाला, नाहीतर चोर. गुरं चारली तरी दंड, सरपण आणलं तरी दंड. जंगल खात्याच्या शिपायाला कोंबडं दिलं नाही तर झोपडी पेटायची. हे सारं आपल्या आजोबा-पणजोबांनीही वेगळ्या रूपात सोसलं आहे, त्यामुळे वाचकांना जास्त सांगायची गरज नाही.

भीम लहान असतानाच बाप गेला. जंगल खात्याच्या माणसांशी झालेल्या भांडणात तो मारला गेला, असं तिकडची माणसं सांगतात. कुटुंब सुर्दापूरकडे गेलं, शेती करू लागलं. तिथंही तेच. पीक उभं राहिलं की ते न्यायला जमीनदाराचा माणूस दारात. अशाच एका वेळी पीक ओढून न्यायला आलेल्या सिद्दिकी नावाच्या माणसाच्या डोक्यात भीमने काठी घातली आणि तो मेला. भीम पळाला तो थेट चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. तिथं एका छापखानेवाल्याने त्याला ठेवून घेतलं आणि त्याच्याकडे राहून तो लिहा-वाचायला शिकला, असं सांगतात. पुढे आसामात चहाच्या मळ्यावर मजुरी केली. मजूर एकत्र कसे येतात, मालकासमोर कसे उभे राहतात, हे त्याने तिथं पाहिलं. काही वर्षांनी तो परत आला तेव्हा रागावून पळालेला पोरगा राहिला नव्हता. अक्षर ओळखणारा, जग पाहिलेला माणूस झाला होता. आमच्या मते भीमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल हाच. बंदूक नंतर आली.

परत आल्यावर त्याने लग्न केलं, बायकोचं नाव सोमबाई. घर मांडलं, शेती धरली. एका पाटलाच्या जमिनीच्या खटल्यात कागद वाचून मदत केली आणि पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. मग जोडेघाटच्या डोंगरात बारा गावं वसवायला तो लोकांबरोबर गेला. जंगल तोडून शेतं काढली. खात्याने गावं उठवली, घरं जाळली, लोकांनी पुन्हा उभारली.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळदा गाळली जाते. भीमने आधी अर्ज केला. तो हैदराबादला गेला, वर दाद मागितली. निझामाची भेट मिळाली नाही, असं लोक सांगतात. बरं, वरून काही मेहेरबानी झाली असती तरी खालच्या शिपायापर्यंत ती पोचली नसती. राजधानीत हुकूम निघतो आणि गावात येईपर्यंत त्याची किंमत लाचेत मोजली जाते, हा अनुभव काही निझामाबरोबर संपलेला नाही.

दारं बंद झाली तेव्हा बारा गावांनी हत्यारं घेतली. हत्यारं म्हणजे काय? भरमार बंदुका, कुऱ्हाडी, विळे, तीरकमठे. मागणी आता नुसत्या पट्ट्याची नव्हती. आमच्या बारा गावांचा कारभार आम्ही पाहू, जंगलवाले आणि जमीनदार इथून जावेत, तुरुंगातले गोंड सोडावेत, अशी ती मागणी होती. पाणी, जंगल आणि जमीन यांवर आमचा हक्क, ही त्याच्या नावाशी जोडलेली घोषणा आज देशभर दिली जाते.

आता या लेखाचा खरा मुद्दा. निझाम सरकारने एकदम गोळी घातली नाही. आधी आसिफाबादचा अधिकारी बोलणी करायला पाठवला. बारा गावांच्या जमिनींचे पट्टे देतो, वर आणखी जमीन देतो, हे प्रकरण मिटवा, असा प्रस्ताव होता. भीमने तो नाकारला. बारा गावांना जमीन मिळाली तरी तेरावं गाव तसंच राहणार, आणि कारभार त्यांच्याच हाती असेल तर आज दिलेलं उद्या काढून घेतील, हा त्याचा हिशेब होता.

आमच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, भीमने पट्टे घ्यायला हवे होते. जमीन पदरात पडली असती, माणसं वाचली असती, पुढचं पुढे. बाबासाहेबांनीही १९३२ साली पुण्यात मनाविरुद्ध सही केलीच ना? तरुण मंडळी म्हणाली, बाबासाहेब गोलमेज परिषदेत टेबलाच्या बरोबरीच्या खुर्चीवर बसले होते. भीमला कोणी खुर्ची दिली होती? ज्या सरकारने अर्ज घेऊन आलेल्याला उभं केलं नाही, ते बंदूक हातात घेतल्यावर बोलायला आलं, यातून लोकांनी काय शिकायचं? या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यात कोणाकडे उत्तर नव्हतं.

आम्हाला या वेळी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आठवला. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून युद्धाची वेळ आली, तेव्हा दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असा मार्ग सिद्धार्थाने संघापुढे मांडला. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथात ही हकीकत आपण सर्वांनी वाचली आहे. ठराव बहुमताने पडला आणि सिद्धार्थाला घर सोडावं लागलं, हेही वाचलं आहे. त्या प्रस्तावात दोन्ही बाजूंची माणसं सारख्या संख्येने बसणार होती, हे आपण पटकन वाचून पुढे जातो. आसिफाबादहून आलेल्या अधिकाऱ्याच्या प्रस्तावात ही एकच गोष्ट नव्हती.

बोलणी फिसकटली. फौजफाटा जमला. १९४० साली पोलीस जोडेघाटच्या डोंगरात शिरले. वाट दाखवणारा गोंडांतलाच एक फितूर होता, असं तिकडच्या गाण्यांत येतं. भीम आणि त्याचे सोबती गोळीबारात ठार झाले, पुष्कळांना धरून नेलं. भीमच्या अंगात मंत्राचं बळ आहे अशी शिपायांत वदंता होती, म्हणून मेल्यावरही त्याच्या देहावर गोळ्या झाडत राहिले, असं सांगतात. एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य.

बंदोबस्त झाला. पण सरकारला चैन पडेना, कारण हे सारं झालं कशामुळे हे दरबारातही कोणाला नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा गोष्टीत एक परका माणूस येतो. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियातला विद्वान. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भारतात होता. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्याला हैदराबाद संस्थानात राहायला लावलं. त्याने आदिवासींचा अभ्यास चालवला, आदिलाबादच्या डोंगरात बायकोसह मुक्काम ठोकला, गोंडी शिकला आणि सरकारला सांगितलं की हे बंड उपासमार आणि खालच्या नोकरशाहीच्या जुलमातून झालं आहे. पुढे १९४५ साली निझाम सरकारने त्याला आदिवासींच्या बाबतीत सल्लागार नेमलं.

मग काय झालं? १९४३ साली मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी शाळा निघाली. गोंडी भाषेची पुस्तकं तयार झाली, आणि आपल्या वाचकांना सांगायला बरं वाटतं की ती देवनागरी लिपीत होती. त्या दशकात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे ११ हजारांवर आदिवासींना मिळाले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन बसायचं, गोंडांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकायची, असा दरबार सुरू झाला. तो दरबार अजून भरतो. यवतमाळ जिल्ह्यातले गोंडही त्या जत्रेला जातात. हायमेनडॉर्फची पत्नी बेट्टी १९८७ साली वारली, तिची समाधी मार्लवाईलाच आहे.

भीमला जे हवं होतं त्यातलं बरंचसं भीमला मारल्यावर मिळालं. आमच्यातल्या एका बाईंनी विचारलं की हेच सगळं १९४० च्या आधी देता येत नव्हतं का? पैसा तोच, जमीन तीच, कचेरी तीच. मधे फक्त माणसं मेली.

म्हणून आम्ही असंही म्हणणार नाही की सरकारने बळ कधीच वापरू नये. त्याच हैदराबादच्या निझामाबरोबर भारत सरकारने १९४७ साली जैसे थे करार केला, महिनोन्महिने बोलणी केली. इकडे रझाकारांनी गावं पेटवली. शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य गेलं आणि पाच दिवसांत निकाल लागला. नदीपलीकडून पळून वऱ्हाडात आसऱ्याला आलेल्यांना त्या सैन्याची किंमत विचारायला हवी होती. पण रझाकार रयतेला लुटत होते, आणि भीम रयतच होता. दोघांनाही हत्यारबंद एवढंच म्हणून एका तराजूत घालणं आम्हाला पटत नाही.

दिलेलं टिकलं का, हा पुढचा प्रश्न. काही टिकलं, पुष्कळ गेलं. बाहेरचे लोक पुन्हा आले, जमिनी पुन्हा गेल्या. २० एप्रिल १९८१ रोजी त्याच आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी सभेला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोकांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा. तोपर्यंत नक्षलवादी जंगलात आले होते, गडचिरोलीतही. त्यांच्याशी बोलणी झाली नाहीत असं नाही. २००४ च्या ऑक्टोबरात हैदराबादला सरकार आणि माओवादी समोरासमोर बसले. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत एस. आर. शंकरन होते. वेठबिगार आणि दलितांसाठी झटलेले हे सनदी अधिकारी. १९८७ साली नक्षलवाद्यांनी त्यांचंच अपहरण केलं होतं, तरी ते बोलण्याच्या बाजूने उभे राहिले. २००५ च्या जानेवारीत सारं मोडलं. दोन्हीकडे पुन्हा प्रेतं पडू लागली, आणि ती बहुतेक गरिबाघरची. गोंड पोरगा दलममध्ये, गोंड पोरगाच पोलिसात. १५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत साठेक माओवाद्यांनी आपल्या वरिष्ठ नेत्यासह शस्त्रं खाली ठेवली, हे वाचकांनी वर्तमानपत्रात पाहिलंच असेल. आता त्या गावांत पट्टे, दवाखाना, शाळा कोण आणि किती लवकर नेतो, ते पाहायचं आहे. मार्लवाईची शाळा भीमच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत निघाली होती.

भीमचं नाव आता मोठं झालं आहे. हैदराबादच्या टँक बंडवर त्याचा पुतळा बसला, २०१६ साली आसिफाबाद जिल्ह्याला त्याचं नाव मिळालं, सिनेमे निघाले. जोडेघाटला स्मारक आहे. तिथं त्याचा स्मृतिदिन तारखेने नाही, तिथीने पाळतात, आश्विन पौर्णिमेला. आपल्या विहारात त्याच पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती होते. यंदा त्या दिवशी ग्रंथवाचन आटोपल्यावर वस्तीलगतच्या गोंड पाड्यावरच्या बांधवांना विहारात बोलवायचं आणि त्यांच्याकडून भीमची गाणी ऐकायची, असं बैठकीत ठरलं आहे. खिरीची व्यवस्था महिला मंडळाने आपल्याकडे घेतली आहे. सतरंज्या मात्र कमी पडतील, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन याव्यात.