इरावतीबाई कर्वे

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या आठवडी बाजारात घटकाभर उभे राहिले, तर कानांवर किती तरी बोली पडतात. कोणी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलत असतो, कोणी हिंदी; एखाद्या वेळी गोंडी किंवा कोलामीचे शब्दही ऐकू येतात. गोंडी व कोलामी या भाषांचे कूळ मराठीचे नव्हे. त्या तेलुगू-कानडीच्या कुळातल्या आहेत. ही निरनिराळी माणसे येथे केव्हा आली असतील? शेजारी शेजारी राहून त्यांनी एकमेकांकडून काय घेतले असेल? अशा प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारे एक शास्त्र आहे. त्याला मानवशास्त्र म्हणतात. महाराष्ट्रात या शास्त्रासाठी जन्मभर वणवण करणाऱ्या विदुषी म्हणजे इरावतीबाई कर्वे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत नोकरीस होते. त्या देशातील इरावती या मोठ्या नदीचे नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास, हुजूरपागेच्या शाळेत पाठवण्यात आले. घरापासून इतक्या दूर आलेल्या या मुलीला रँग्लर परांजपे यांच्या कुटुंबाने आपलेसे केले. त्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता आणि वादविवादालाही नव्हता.

१९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए.चा अभ्यास करण्याची संधी त्यांना लाभली. त्याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रबंधासाठी इरावतीबाईंनी विषय निवडला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे आपल्याच जातीचा. परक्या लोकांकडे तटस्थपणे पाहणे सोपे असते. आपल्या माणसांना मात्र अभ्यासाचा विषय करणे अवघड. १९२८ मध्ये त्यांना एम.ए.ची पदवी मिळाली.

पुढील अभ्यास जर्मनीत करावा, असे दिनकररावांच्या मनात होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेने इतक्या दूर जावे, हे रुचले नाही. आपल्याला याचे नवल वाटते. पण थोर माणसांच्या घरीही असे घडते. दिनकरराव आपल्या मतावर ठाम राहिले. डॉक्टर जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांची खरी कसोटी लागली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे मोठे नावाजलेले शास्त्रज्ञ होते. परंतु गोरे युरोपीय लोक इतर मानवांहून बुद्धीने श्रेष्ठ आहेत, अशी त्यांची धारणा होती. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. हा फरक युरोपीयांच्या कवटीत अधिक असेल व तीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण ठरेल, असा फिशर यांचा कयास होता. तो तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

संशोधनशाळेत देशोदेशींच्या कवट्या ठेवलेल्या होत्या. त्यांपैकी १४९ कवट्या त्यांनी तपासल्या. प्रत्येक कवटी हातात घ्यावी, दोन्ही बाजूंची मापे घ्यावीत, आकडे टिपावेत, पुन्हा पडताळावेत, असे ते किचकट काम होते. देश परका, भाषा परकी; डोक्यावर कर्ज; घरी सासऱ्यांची नाराजी; आणि पदवी द्यायची की नाही हे ठरवणार तेच गुरू. त्यांना आवडेल असा निष्कर्ष काढणे किती सोयीचे होते! पण आकडे निराळेच सांगत होते. कवटीच्या दोन बाजूंतील फरक सगळ्याच मानवसमूहांत आढळत होता. त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नव्हता. इरावतीबाईंनी प्रबंधात तसेच लिहिले. फिशर यांनी त्यांना अगदी खालची श्रेणी दिली. तरीही १९३० मध्ये डॉक्टरेट पदरात पडली व त्या स्वदेशी परतल्या. नंतर तीन वर्षांतच जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वंशश्रेष्ठत्वाच्या या कल्पनांचा आधार घेऊन लाखो निरपराध माणसांची हत्या झाली.

मायदेशी आल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला. परंतु कचेरीत त्यांचे मन रमेना. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या आणि मग त्यांची भ्रमंती सुरू झाली. मोजमापाची साधने घेऊन त्या खेडोपाडी, रानावनांत हिंडल्या. लोकांची उंची व डोक्याची मापे घ्यावीत, त्यांची नाती विचारावीत, देवदेवके जाणून घ्यावीत, हा त्यांचा क्रम. गुजरातेत लांघणज येथे प्राध्यापक सांकळिया यांच्याबरोबर उत्खननात भाग घेऊन त्यांनी प्राचीन मानवाच्या सांगाड्यांचाही अभ्यास केला. (पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणूनही त्यांचे नाव सांगतात. त्या काळी लोक वळून वळून पाहत असतील!)

या भ्रमंतीतून त्यांना पुष्कळ गवसले. महाराष्ट्रात कुंभार म्हणून ओळखले जाणारे लोक एकच आहेत, असे आपण समजतो. इरावतीबाईंनी पाहिले, तो त्यांच्यात अनेक गट. मडकी घडवण्याच्या रीती वेगळ्या आणि परस्परांत लग्नव्यवहार नाही. नाव एक, पण कुळे निरनिराळी! भारतातील नात्यागोत्यांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेकडे मामाच्या मुलीशी विवाह निषिद्ध मानतात. दक्षिणेत तो उत्तम समजतात. महाराष्ट्रात अनेक जातींना मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. उत्तर व दक्षिण यांच्या रीती आपल्या प्रदेशात अशा एकमेकींत मिसळल्या आहेत. वर्ध्याच्या बाजारात निरनिराळ्या कुळांच्या बोली एकत्र ऐकू येतात, त्यातही नवल ते काय?

त्या पंढरीच्या वारीबरोबर पायी चालल्या व त्यावर सुंदर लेख लिहिला. दिवसभर एकच नामघोष करणारे वारकरी जेवणाच्या वेळी मात्र जातवार वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिले आणि ते लिहिण्यासही त्या कचरल्या नाहीत. महाभारतातील व्यक्तींवर त्यांनी लिहिलेल्या ‘युगान्त’ या पुस्तकास १९६८ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

अखेरच्या वर्षांत, साठी उलटल्यावर, त्यांनी कोयना धरणामुळे घरेदारे सोडावी लागलेल्या लोकांची पाहणी हाती घेतली. गावे पाण्याखाली गेली, तेव्हा ती माणसे कोठे गेली, त्यांना जमीन मिळाली काय, शेजारपाजार तुटल्यावर त्यांचे कसे चालले आहे, याची चौकशी या पाहणीत केली गेली. तिचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.