बडोद्यानंतरची सहा वर्षे

२३ सप्टेंबर जवळ आला की बडोद्याच्या कमाठी बागेतल्या झाडाचे फोटो आपल्या मोबाईलवर फिरू लागतात. संकल्प दिनाच्या शुभेच्छा द्यायलाच हव्यात. पण त्या झाडाखालून उठल्यावर बाबासाहेबांनी पुढे काय केले, याची चर्चा फारशी होत नाही. मुलाखतीतून किंवा वसतिगृहातून खचून घरी परतलेल्या आपल्या मुलामुलींना खरे तर तीच गोष्ट सांगायला हवी.

१९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा अमेरिका आणि इंग्लंडमध्ये चार वर्षे राहून आलेले होते. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच तिकडे पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर पाय ठेवताच ती परत आली. राहायचे कुठे? शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही गोड बोलून टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी बागेत काढले. त्या तासांविषयी त्यांनी पुढे जे लिहून ठेवले, त्यात आवेश नाही. सुन्न मन आहे, दुःख आहे आणि पोरक्या लेकरासारखी आई-वडिलांची आठवण आहे. दोघेही तेव्हा हयात नव्हते. २६ वर्षांचा, कोलंबियात शिकलेला हा तरुण त्या दिवशी आतून मोडला होता, हे सांगताना आपण का संकोचतो?

मुंबईत आल्यावर शिकवण्या घेतल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा सुरू केला; गिऱ्हाइकांना जात कळली आणि तोही बंद पडला. घर तर चालवायचेच होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार ४५० रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. बाबासाहेब मात्र प्रत्येक तासाची कसून तयारी करून जात. हळूहळू दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात त्यांनी प्राध्यापकांच्या भांड्यातले पाणी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत होती. म्हणजे बाहेरचे जग बडोद्याहून फार वेगळे नव्हते. मला वाटते, गेलेला आत्मविश्वास त्यांना या वर्गात परत मिळाला, आणि तोही एकेका तासाने.

पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार कर्जाऊ दिले आणि १९२० च्या जुलैत ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिला, आणि परीक्षकांनी तो परत केला. पुन्हा लिहा! हातातले पैसे संपलेले. दिवसदिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून केलेले काम घेऊन १९२३ मध्ये ते मुंबईला परतले.

या वेळी मात्र बागेतली दुपार नव्हती. त्यांनी मुंबईत बसून प्रबंध नव्याने लिहिला आणि लंडनला पाठवून दिला. नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली, डिसेंबरमध्ये तो ग्रंथरूपाने छापूनही आला. पुढच्याच मार्चच्या ९ तारखेला परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी आपल्या लोकांची सभा बोलावली.