पॉवर स्टिअरिंगचे जनक फ्रान्सिस डेव्हिस

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या डोळखांबच्या रहिवाशांना प्रवाशांनी भरलेली जीप वा व्हॅन नवीन नाही. शहापूरहून नाशिककडे निघाले की कसारा घाट, मुरबाडहून जुन्नरकडे निघाले की माळशेज घाट, असे दोन्ही मोठे घाट येथील चालकांच्या नेहमीच्या वाटेवरचे. अशा उतारावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि त्याच क्षणी ब्रेकचे पेडलही दगडासारखे कठीण लागले, तर दोन्ही यंत्रणा निकामी झाल्या असेच चालकाला वाटते. प्रत्यक्षात त्या निकामी झालेल्या नसतात. बंद पडलेली असते ती त्यांना मिळणारी मदत. हा फरक ज्याच्या शोधामुळे निर्माण झाला, त्या अमेरिकी अभियंत्याचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

फ्रान्सिस राइट डेव्हिस यांचा जन्म १८८७ मध्ये फिलाडेल्फियातील जर्मनटाउन येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून १९१० मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर ते पीअर्स-अ‍ॅरो या मोटार कंपनीत दाखल झाले आणि पुढे तिच्या मालट्रक विभागात त्यांनी काम केले. त्या काळी अवजड ट्रक वळवणे हे अक्षरशः पहिलवानाचे काम होते. चाक खड्ड्यात आदळले की स्टिअरिंगला हिसका बसे आणि ते चालकाच्या हातून निसटे. हे कष्ट आणि हा धोका डेव्हिस यांनी जवळून पाहिला.

सुरक्षित नोकरी सोडून त्यांनी मॅसेच्युसेट्समधील वॉल्थम येथे छोटी कार्यशाळा थाटली. जॉर्ज जेसप हे कुशल कारागीर त्यांच्या साथीला होते. तेलाच्या दाबावर यंत्रे चालवण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. परंतु प्रचलित पद्धतीत झडप बंद ठेवून तेलावर सतत दाब राखावा लागे. डेव्हिस यांनी नेमका उलटा मार्ग धरला. इंजिनावर चालणारा पंप तेल सतत फिरवत ठेवील आणि झडप उघडी राहील. चालकाने स्टिअरिंग फिरवले की झडप तेलाची वाट अडवील आणि तेवढ्यापुरता दाब निर्माण होऊन चाके वळण्यास साहाय्य होईल, अशी ही साधी पण मूलगामी योजना होती.

ही यंत्रणा आपल्या पीअर्स-अ‍ॅरो मोटारीत बसवून १९२६ मध्ये ते डेट्रॉइटला गेले. जनरल मोटर्सने त्यांच्याशी करार केला. मात्र पाठोपाठ महामंदी आली आणि खर्च परवडत नाही, या कारणास्तव १९३४ मध्ये कंपनीने हा प्रकल्प गुंडाळला. आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे ज्या शोधावर खर्ची घातली, त्याला गिऱ्हाईकच उरले नाही. डेव्हिस यांनी १९३६ मध्ये बेंडिक्स कंपनीशी नवा करार केला. तरीही मागणी नगण्यच राहिली. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांसाठी या यंत्रणेची गरज भासली, तेव्हा कुठे तिचे महत्त्व सर्वांना पटले. क्रायस्लरने १९५१ मध्ये इम्पीरियल मोटारीत पॉवर स्टिअरिंग आणले, तेही डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. ज्यांनी एकदा नकार दिला होता, त्या जनरल मोटर्सला मग पुन्हा डेव्हिस यांच्याकडेच वळावे लागले.

डेव्हिस यांच्या शोधाचे मर्म असे, की तेलाचा दाब चालकाच्या हाताची जागा घेत नाही, त्याला केवळ बळ देतो. स्टिअरिंग आणि चाके यांच्यातील लोखंडी जोडणी कायम राहते. निर्वात दाबावर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरचेही तत्त्व हेच. पण या दोन्ही मदतींचा उगम एकच, तो म्हणजे चालू इंजिन. म्हणूनच डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय प्राणघातक ठरू शकते. अनेक डिझेल गाड्यांत बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. स्टिअरिंगचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर चालत असतील, तर तो पट्टा तुटताच इंजिन चालू असूनही दोन्ही मदती एकदम जातात आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो.

अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नये. बूस्टरमध्ये शिल्लक राहिलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळाच पुरतो. त्यामुळे पेडल एकदाच, सर्व शक्तीने दाबून धरावे. खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी जोर लावून वळवावे. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नये, कारण चावी काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. गाडी थांबल्यावर पट्टा, स्टिअरिंगच्या तेलाची पातळी आणि बूस्टरची नळी तपासावी. पेडल कठीण न होता तळाशी गेले, तर दोष निराळा. तेथे ब्रेक ऑईलची गळती शोधावी लागते आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवणे योग्य नव्हे.

डेव्हिस यांचे १९७८ मध्ये निधन झाले. आज अनेक नव्या मोटारींत तेलाऐवजी विजेच्या मोटरवर चालणारे स्टिअरिंग आले आहे. परंतु ग्रामीण रस्त्यांवर धावणाऱ्या कित्येक जुन्या व्हॅनमध्ये त्यांचीच योजना अद्याप काम करते आहे. मदत गेली तरी स्टिअरिंग आणि ब्रेक पुरते गेलेले नसतात, हे ठाऊक असलेला चालक घाबरून स्टिअरिंग सोडणार नाही. आणि भरलेल्या गाडीतील प्रवाशांचे प्राण त्या काही क्षणांत त्याच्या या ज्ञानावरच अवलंबून असतात.