देवळाच्या दारापाशी विनोबा

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात आणि त्यांच्या पाठोपाठ पोह्यांचे पापड. त्याच तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, गागोदे बुद्रुक नावाचे लहानसे खेडे आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे भाव्यांच्या घरी विनायक नावाचा मुलगा जन्मला. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव फार पुढचे. गागोद्यात तेव्हा शाळा नव्हती. मुलाचे शिक्षण झाले ते आजोबांच्या देवघरात आणि आईच्या स्वयंपाकघरात.

आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ. त्यांची पूजा तास न् तास चाले. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू चढलेला दिसला. घरात एकच गलका झाला, कोणी मारायला धावले. आजोबांनी सगळ्यांना थांबवले. देवाच्या आश्रयाला आलेल्याला हात लावायचा नाही, एवढाच त्यांचा हिशेब. पूजा यथासांग पार पडली आणि विंचू आपल्या वाटेने निघून गेला. विनोबांनी ही गोष्ट म्हातारपणापर्यंत जपली. देवाच्या दारी आलेल्याला हाकलायचे नाही, हे त्या मुलाने शब्दांवाचून ऐकले होते.

आई रुक्मिणीबाई. तिने एकदा देवाला तांदळाचे लक्ष दाणे वाहायचा संकल्प सोडला आणि रोज एकेक दाणा मोजून वाहू लागली. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे, बडोद्याला नोकरीला. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ मोजावेत आणि त्यावरून लाखाचे वजन काढावे. कमी पडू नयेत म्हणून वर थोडे घातले की झाले. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की हे गणित नव्हे. प्रत्येक दाण्यामागे देवाचे नाव येते, ते वजनात येणार नाही. माझा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेला, त्यामुळे माझे मत साहजिकच नरहरपंतांच्या बाजूचे. पण पुढे या मुलाने देशभर गावोगाव पायी हिंडून जमीन मागितली, तेव्हा रेल्वे असताना पायी कशाला, असे विचारणाऱ्यांना उत्तर याच दाण्यांत होते.

नवव्या-दहाव्या वर्षी मुलगा बडोद्याला गेला. दहाव्या वर्षीच त्याने आजन्म ब्रह्मचर्याचा निश्चय केला. गणितात तो पुढे होता, पण पदवीत त्याला रस नव्हता. एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने आपली प्रमाणपत्रे जाळली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेला विनायक सुरतेला गाडीतून उतरला तो थेट काशीला गेला. मनात हिमालयही होता आणि बंगालमधली क्रांतीही. काशीत त्याने गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाबद्दल वाचले, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती त्याला एकाच माणसात सापडली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली. अंत्यविधी आपल्या हातून व्हावेत, भटजी नकोत, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांनी तो मानला नाही. विनोबा स्मशानात गेलेच नाहीत, घरीच गीता-उपनिषदे वाचत बसले. कठोर वाटते ना? मलाही वाटते. पण ज्या आईने आपल्याला समजेल अशा मराठीत गीता मागितली होती, तिच्यासाठी त्यांनी ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात वर्ध्याला गीताई लिहून काढली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. आजही कितीतरी घरांत ही दोन्ही पुस्तके देवघराशेजारी असतात.

१९४० च्या ऑक्टोबरमध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. दुसरे होते जवाहरलाल नेहरू. विनोबा कोण, असे देशाने तेव्हा विचारले, कारण एकोणीस वर्षे हा माणूस वर्ध्याला आणि मग धाम नदीकाठच्या पवनारला सूत कातत, शेणखत उचलत आणि वेद वाचत राहिला होता. स्वातंत्र्यानंतर मंत्रिपद, राज्यपालपद यांच्या वाटेला ते गेले नाहीत.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला हरिजन वस्तीने त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. तो भाग तेव्हा कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याने होरपळत होता. विनोबांनी तिथल्या तिथे गावकऱ्यांना विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर देऊ केले. भूदानाचा जन्म असा झाला. पुढची तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात आली. आता त्यातला मोठा भाग खडकाळ, वादातला किंवा केवळ कागदावरचा निघाला, हे खरे. दानपत्रावर सही झाली म्हणजे काम झाले असे नसते. चतुःसीमा ठरवाव्या लागतात, फेरफार नोंदवावा लागतो, सातबाऱ्यावर नाव चढावे लागते. ते बळ ना विनोबांच्या कार्यकर्त्यांत होते, ना सरकारी कचेऱ्यांच्या इच्छेत. पण कायद्याने जमीनधारणेवर मर्यादा आणताना राज्यकर्त्यांना जे जमले नाही, ते लुगडे-धोतर नेसलेल्या चार माणसांनी गावाच्या पारावर मागून काही लाख एकरांपुरते तरी करून दाखवले.

या पदयात्रेत ते देवळांच्या दारांशी वारंवार जाऊन उभे राहिले. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारातल्या वैद्यनाथधामला हरिजनांसह ते दर्शनाला निघाले, तर पंड्यांनी त्यांना मारहाण केली. कानाला जबर मार बसला. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, असे त्यांनीच कळवले. १९५५ साली जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच भगिनी होती. तिला आत सोडणार नाहीत असे कळताच विनोबा दारातूनच मागे फिरले. गुरुवायूरलाही ख्रिस्ती सहकाऱ्यांवरून तेच झाले. मे १९५८ मध्ये मात्र पंढरपुरात दार उघडले. अकरा वर्षांपूर्वी याच विठ्ठलासाठी, हरिजनांना आत घ्यावे म्हणून, साने गुरुजींनी उपवास केला होता. आता विनोबांच्या बरोबर ख्रिस्ती आणि मुसलमान मुलीही विठोबापुढे उभ्या राहिल्या.

हे वाचताना पेण-रोह्याकडच्या जुन्या मंडळींना दुसरेही एक दार आठवेल. या भागातले बेने इस्राएल, आपले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी आपल्याच गावांची आडनावे लावणारे. १९४८ साली इस्राएलचे राज्य झाल्यावर त्यांतले पुष्कळ जण तिकडे गेले. त्या राज्याचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन स्वतः कर्मकांड पाळणारे नव्हते, पण धार्मिक पक्षांची साथ हवी म्हणून लग्न आणि घटस्फोट त्यांनी धर्मगुरूंच्या हाती राहू दिले. शतकानुशतके कोकणात धर्म जपलेल्या आपल्या या शेजाऱ्यांना मग १९६० नंतर, इतर ज्यूंशी लग्न करायचे तर पिढ्यांचा पुरावा आणा, असे सांगितले गेले. जेरुसलेमला निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला जाहीर करावे लागले की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. धर्माच्या हाती राज्याचे कुलूप आले की आपल्याच माणसाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते, ते असे. भूदानातल्या मंडळींना या देशाचे कौतुकही होते. १९५८ साली जयप्रकाश नारायण तिथली सामूहिक शेती पाहून आले होते.

विनोबांची श्रद्धा कुलपाची नव्हती. कुराण त्यांनी अरबीतून वाचले, त्याचा सार काढला, बायबलचाही काढला. सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातून ते सोळा दिवस पायी चालले आणि तिथल्या मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली.

मग १९७५ आले. सत्तेपासून दूर राहणाऱ्या माणसाला सत्तेविरुद्ध बोलायची वेळ येते तेव्हा काय होते, हा प्रश्न पवनारच्या दाराशी येऊन उभा राहिला. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले होते. जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनावरून सर्वोदयात आधीच फूट पडली होती. जूनमध्ये आणीबाणी आली, जयप्रकाश तुरुंगात गेले. आणि विनोबांच्या नावावर अनुशासनपर्व हा एक शब्द देशभर भिंतींवर झळकू लागला. अनुशासन आचार्यांचे असते, शासन सत्तेचे, हा त्यांचा भेद नंतर सांगितला गेला. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलन भरवले. राजकीय कैद्यांना सोडावे, परिस्थिती पूर्ववत करावी, असा त्याचा निष्कर्ष दिल्लीने बाजूला ठेवला. त्याच वर्षी गोवधबंदीसाठी उपोषणाचा मनोदय छापला म्हणून त्यांच्याच आश्रमाच्या मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले.

हे सगळे लक्षात घेऊनही मला वाटते की तेव्हा विनोबांनी मौन सोडायला हवे होते. पुरीच्या दारातून एका परदेशी बाईसाठी मागे फिरणाऱ्या माणसाकडून लोकांची तेवढी अपेक्षा होती. मौन हे त्यांच्या लेखी देवाशी केलेले वचन होते आणि वचन मोडायची त्यांची तयारी नव्हती. तुरुंगात पडलेल्यांच्या घरच्यांना हा भेद कसा पटावा? कित्येक जुन्या सर्वोदयी घरांतून विनोबांचा फोटो त्या वर्षी उतरला. काही ठिकाणी तो पुन्हा लागला, काही ठिकाणी नाही.

१९५९ साली त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर काढले, बायकांनी चालवायचे आणि बायकांनी ब्रह्मचिंतन करायचे. शेवटची वर्षे ते तिथेच राहिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली. अन्न, पाणी, औषध घ्यायचे त्यांनी थांबवले. डॉक्टर होते, विनवणारी माणसे होती, पण त्यांनी कोणाचेही ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला सकाळी धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. घरोघरी त्या दिवशी लक्ष्मीपूजनाची तयारी चालू होती.