जाईबाईंची शाळा

जाईबाई चौधरी या वऱ्हाडच्या नव्हेत; त्यांचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. परंतु १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी जी शाळा काढली, तिला नाव दिले ते संत चोखामेळ्याचे. आणि चोखोबांची जन्मभूमी म्हणून आपल्या वऱ्हाडातील मेहुणाराजा हे गाव सांगितले जाते. अमरावती-अकोल्याच्या लेकींनी जाईबाईंना परके मानू नये, म्हणून हे नाते आम्ही प्रथम सांगितले.

१८९६ च्या दुष्काळाने जाईबाईंच्या आईवडिलांना गाव सोडावयास लावले. नागपुरास आल्यावर वयाच्या नवव्या वर्षी बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे पोटासाठी नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावरून माल वाहण्याची हमाली त्यांनी केली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंचे लक्ष या हुशार स्त्रीकडे गेले आणि त्यांच्या साहाय्याने मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपये वेतनावर जाईबाई शिक्षिका झाल्या.

ही नोकरी फार टिकली नाही. शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. बाई शिकवितात कशा, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. जिच्या डोक्यावर आपल्या मालाची ओझी देताना समाजाला संकोच वाटला नव्हता, तिच्या हातची पाटी मात्र त्याला चालली नाही. जाईबाईंनी नोकरी सोडली. पण शिकविणे सोडले नाही. ज्यांना दुसऱ्यांच्या शाळेत जागा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःची शाळा काढली. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना हीच होय.

शाळा चालवून पंधरा वर्षे झाल्यावरही अवहेलना संपली नव्हती. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या त्या मेळाव्यात जाईबाईंना जेवणासाठी वेगळे बसविण्यात आले. भगिनीभाव व्यासपीठावर होता, पंगतीत नव्हता! दलित स्त्रियांनी हा अपमान मुकाट्याने गिळला नाही, तसेच त्याला आततायीपणाने उत्तरही दिले नाही. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी जाहीर सभा भरवून निषेध नोंदविला. मुलींना एम.ए.पर्यंत शिकण्याची संधी मिळाली पाहिजे, असा आग्रह जाईबाई धरीत. ज्या काळी चौथी पास झालेली मुलगीही वस्तीत नवलाने पाहिली जाई, त्या काळचा हा आग्रह आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरातच अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि समोर स्त्रियांचा प्रचंड समुदाय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उपस्थित होते. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास कायद्याने बंदी, कामकरी स्त्रियांना भरपगारी रजा व निवृत्तिवेतन अशा मागण्यांचे ठराव परिषदेने संमत केले. त्यांतच एक ठराव होता: मुलींच्या शिक्षणासाठी सरकारने आपल्या खर्चाने वसतिगृहे काढावीत. आमच्या वसतिगृहातील मुलींनी तो अवश्य शोधून वाचावा.