न्यायनिष्ठ संत थॉमस मोर

देऊळ बांधावयास दगड, चुना व पैसा लागतो. परंतु त्या देवळांत जमणारी मंडळी टिकून राहते ती परस्परांच्या विश्वासावर. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं वाडवडिलांनीं घातलेल्या पायाची आठवण होणें साहजिक आहे. त्याबरोबरच अंतःकरणांतील पायाचीही चौकशी करावी असें आम्हांस वाटतें. चांगला मनुष्य सर्वांस हवा असतो. मात्र चोख मनुष्य शेजारीं असला म्हणजे थोडी अडचण होते. सगळेच घेतात तर ह्या एकट्यानें न घेऊन काय साधलें, सगळेच सही करितात तर ह्यानेंच कां अडून बसावें, असें लोक त्याला विचारतात. आणि लोकांहूनही अधिक कळवळ्यानें त्याच्या घरचीं माणसें विचारतात. अशाच एका चोख मनुष्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहोंत. संत थॉमस मोर हे धर्मगुरू नव्हते कीं मठवासीही नव्हते. ते संसारी गृहस्थ, चार मुलांचे पिते, धंद्यानें वकील आणि हुद्द्यानें सरकारी अधिकारी होते. म्हणून त्यांचें उदाहरण तुम्हां-आम्हांस फार दूरचें नाहीं.

थॉमस मोर ह्यांचा जन्म इ. स. १४७८ च्या सुमारास लंडन शहरांत झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे वकील असून पुढें न्यायाधीश झाले. बालपणीं थॉमस हे कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्या वाड्यांत सेवेस होते. मुलाची तल्लख बुद्धि पाहून आर्चबिशपसाहेबांनीं त्यांस ऑक्सफर्ड येथें शिकावयास पाठविलें. पुढें वडिलांच्या इच्छेप्रमाणें त्यांनीं लंडनच्या लिंकन्स इन ह्या संस्थेंत कायद्याचा अभ्यास केला. तरुणपणीं त्यांचें मन मठाकडे ओढ घेत होतें, आणि सुमारें चार वर्षें ते लंडनमधील कार्थुसियन मठवासीयांच्या सान्निध्यांत प्रार्थना व उपवास करीत राहिले. अखेर संसारांत राहूनच देवाची सेवा करावयाची असा त्यांनीं निश्चय केला. मठांतली एक गोष्ट मात्र त्यांनीं जन्मभर सोडिली नाहीं. उंची सरकारी पोषाखाच्या आंत ते केसांचा खरखरीत सदरा घालीत. तो सदरा धुण्याचें काम त्यांची थोरली कन्या मार्गारेट करी, आणि ती गोष्ट तिनें गुप्त ठेविली होती.

१५०५ सालीं त्यांचा विवाह जेन कोल्ट ह्यांच्याशीं झाला व त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. १५११ सालीं जेन वारल्या, तेव्हां लहान लेंकरांस आई हवी म्हणून त्यांनीं ॲलिस नांवाच्या विधवेशीं लग्न केलें. मुलींनाही त्यांनीं मुलाप्रमाणेंच लॅटिन व ग्रीक शिकविलें, ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. थोर विद्वान इरॅस्मस हे त्यांचे जिवलग मित्र होते. १५१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘युटोपिया’ ह्या ग्रंथामुळें त्यांचें नांव युरोपभर झालें.

१५१० पासून ते लंडन शहरांत न्यायदानाचें काम पाहूं लागले. तेथें पक्षकारांनीं भरावयाची फी ते पुष्कळदां घेतच नसत. पुढें राजे आठवे हेन्री ह्यांची त्यांजवर मर्जी बसली. १५२३ सालीं ते पार्लमेंटच्या सभेचे अध्यक्ष झाले आणि १५२९ सालीं, कार्डिनल वुल्सी ह्यांचें अधिकारपद गेल्यावर, राजानें त्यांस लॉर्ड चॅन्सेलर नेमिलें. राज्यांतील सर्वश्रेष्ठ न्यायाधीशाचें हें पद. वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या काळीं न्यायाधीशास नजराणा देणें ही चालत आलेली रीत होती. नववर्षाची भेट म्हणून जें येई त्याला लाच म्हणावें असें फारसें कोणाच्या मनांत येत नसे. अशा ठिकाणीं बसून हात कोरडा ठेवावयाचा, आणि तोही कोणाचा अपमान न करितां, ही मोठी कठीण गोष्ट. पण ती त्यांना साधली होती.

क्रोकर नांवाच्या एका धनिक विधवेच्या बाजूनें त्यांनीं एका मोठ्या उमरावाविरुद्ध निकाल दिला होता. नववर्षाच्या दिवशीं ती बाई हातमोजांचा एक जोड आणि त्याबरोबर चाळीस पौंडांचीं सोन्याचीं नाणीं घेऊन आली. बाईमाणसाची भेट अव्हेरणें बरें नव्हे म्हणून त्यांनीं हातमोजे ठेवून घेतले, आणि नाणीं मात्र परत केलीं. दुसऱ्या एका पक्षकारानें सुरेख घडणीचा पेला पाठविला. घडण त्यांच्या मनांत भरली, तेव्हां त्यांनीं आपल्या घरांतून त्याहून अधिक किंमतीचा पेला आणवून त्या गृहस्थाकडे पाठविला, आणि मगच त्याचा पेला घेतला.

जे स्वतः घेत नाहींत त्यांपैकीं पुष्कळ जण आपल्या माणसांनीं घेतलें तर डोळेझांक करितात. थॉमस मोर ह्यांनीं तेंही केलें नाहीं. त्यांचे एक जांवई एकदां अर्धवट थट्टेनें कुरकुरले कीं, कार्डिनलसाहेबांच्या वेळीं दारावरचे शिपाईसुद्धां गबर झाले, आणि आपण प्रत्यक्ष चॅन्सेलरचे जांवई असून आपल्या पदरांत कांहीं पडत नाहीं. सासऱ्यांनीं त्यांची समजूत घातली कीं, कायद्यांत बसेल ती मदत मी आनंदानें करीन, एकाद्याचें प्रकरण लौकर ऐकेन, दोन पक्षांत तडजोड घडवून आणीन. पण न्याय मागण्यास एका बाजूनें माझे वडील आणि दुसऱ्या बाजूनें सैतान उभा राहिला, व सैतानाची बाजू खरी असली, तर निकाल सैतानासारखाच होईल. दुसरे जांवई जाइल्स हेरन ह्यांचा तर खटलाच त्यांच्यापुढें आला. सासरे न्यायासनावर आहेत ह्या भरंवशावर त्यांनीं वाजवी तडजोड नाकारिली. सासऱ्यांनीं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला!

मनुष्य चोख असला म्हणजे तो कठोर व रुक्ष असतो, हा समज त्यांच्या बाबतींत खोटा ठरतो. दररोज दुपारीं ते आपल्या घरच्या मोकळ्या दिवाणखान्यांत बसत, आणि ज्याला गाऱ्हाणें असेल त्यानें सरळ आंत यावें. कोणावरही समन्स काढण्यापूर्वीं वकिलाची सही असलेला अर्ज ते स्वतः वाचीत, आणि पुरेसें कारण नसल्यास तो रद्द करीत. इतर न्यायाधीशांच्या निकालांस त्यांनीं दिलेल्या मनाईहुकुमांबद्दल त्या न्यायाधीशांत कुरबूर सुरू झाली, तेव्हां त्यांनीं अशा सर्व हुकुमांची यादी करविली, न्यायाधीशांस जेवावयास बोलाविलें, आणि जेवणानंतर एकेका हुकुमाचें कारण त्यांच्यापुढें मांडिलें. आम्ही असतों तर हेंच केलें असतें, असें त्या सर्वांस कबूल करावें लागलें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. पाखंडाबद्दल मनुष्यास जिवंत जाळण्याचा कायदा त्या काळीं इंग्लंडांत होता, आणि थॉमस मोर ह्यांच्या कारकीर्दींत सहा जणांस तसें जाळण्यांत आलें. त्या कायद्यास त्यांचा पाठिंबा होता. ज्यांनीं २००० सालीं त्यांचा गौरव केला त्या पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनींही, ह्या बाबतींत त्यांस त्यांच्या काळाच्या मर्यादा होत्या, हें नमूद केलें आहे. संतांचे दोष सांगितल्यानें त्यांचें संतपण उणें होत नाहीं.

आतां त्यांच्या खऱ्या कसोटीचा काळ आला. राजा हेन्री ह्यास राणी कॅथरिन हिच्याशीं झालेला विवाह रद्द करवून ॲन बोलिन हिच्याशीं लग्न करावयाचें होतें, आणि पोपसाहेब अनुमति देईनात. तेव्हां राजानें इंग्लंडांतील ख्रिस्तसभेचें मस्तकपदच आपणांकडे घेण्याचा उद्योग आरंभिला. १५३२ च्या मे महिन्यांत धर्मगुरूंच्या सभेनें राजापुढें मान तुकविली, आणि दुसऱ्याच दिवशीं थॉमस मोर ह्यांनीं राजमुद्रा परत केली. त्यांनीं बंड केलें नाहीं, निषेधाचें भाषणही केलें नाहीं. जें काम सरळ मनानें करितां येईना, तें त्यांनीं सोडलें, इतकेंच.

अधिकार गेल्याबरोबर उत्पन्न आटलें. मुलांस जवळ बोलावून त्यांनीं हंसत सांगितलें कीं, आतां आपण जेवणखाण पायरीपायरीनें कमी करीत जाऊं. अगदींच भागेना तर झोळ्या घेऊन दारोदार मरियामातेचें गीत गात भिक्षा मागूं, म्हणजे निदान सर्व जण एकत्र तरी राहूं. धर्माच्या बाजूनें केलेल्या लेखनाबद्दल बिशपमंडळींनीं त्यांस चार हजार पौंडांहून मोठी रक्कम देऊं केली होती. त्यांनीं ती स्वतः घेतली नाहीं आणि बायकामुलांनाही घेऊं दिली नाहीं.

नंतर शत्रूंनीं जुनीं दप्तरें उकरण्यास आरंभ केला. एका पक्षकाराच्या बायकोकडून सोन्याचा मुलामा दिलेला पेला त्यांनीं लाच म्हणून घेतला, असा आरोप राजसभेपुढें आला. पेला घेतला हें त्यांनीं तत्काळ कबूल केलें, आणि शत्रूंस आनंद झाला. मग त्यांनीं उरलेली हकीकत सांगितली. त्या पेल्यांत द्राक्षारस भरून त्यांनीं बाईचें शुभ चिंतिलें होतें, आणि तोच पेला आपल्याकडून तिच्या नवऱ्यास नववर्षाची भेट म्हणून तिच्याच हातीं परत दिला होता. बाईनेंही तशीच साक्ष दिली. वाचकहो, राजाची सगळी यंत्रणा मागें लागली असतांना ज्याच्या दप्तरांत एवढेंच सांपडतें, त्याला रात्रीं झोंप कशी लागत असेल, ह्याचा आपण विचार करावा.

१५३४ सालीं पार्लमेंटनें राज्याच्या वारसाविषयीं कायदा केला व त्याबरोबर शपथ ठरविण्यांत आली. ता. १३ एप्रिल रोजीं थॉमस मोर ह्यांस लॅम्बेथ येथें बोलाविण्यांत आलें. त्यांनीं शपथेचा कागद आणि कायद्याचा कागद मागून घेतला आणि दोन्ही ताडून पाहिले. गादीवर कोणी बसावें हें ठरविण्याचा पार्लमेंटचा अधिकार त्यांस मान्य होता, व तेवढी शपथ घेण्यास ते तयार होते. परंतु लिहिलेल्या शपथेंत त्याहून अधिक होतें. ती घेतल्यास पोपसाहेबांचा अधिकार नाकारल्यासारखें होत होतें. म्हणून त्यांनीं नकार दिला. त्या दिवशीं लंडनचे धर्मगुरू एकामागून एक येऊन शपथ घेऊन जातांना त्यांनीं खिडकींतून पाहिले. त्यांपैकीं कोणासही त्यांनीं दोष दिला नाहीं. साऱ्या इंग्लंडांतील बिशपांपैकीं रॉचेस्टरचे जॉन फिशर एवढे एकटेच नकारावर ठाम राहिले. चार दिवसांनीं थॉमस मोर ह्यांस लंडनच्या टॉवरमध्यें कैदेंत टाकण्यांत आलें.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र शत्रूंकडून आली नाहीं. त्यांची लाडकी कन्या मार्गारेट हिनें, देवाच्या नियमाला धरून असेल तेथवर, असें म्हणून शपथ घेतली होती. तुरुंगांत येऊन ती वडिलांस विनवूं लागली कीं, एवढे विद्वान व धार्मिक लोक शपथ घेतात, मग आपणच कां अडतां. तेव्हां त्यांनीं तिला एका पंचाची गोष्ट सांगितली. बारा पंचांपैकीं अकरा जणांनीं आपल्या मुलखांतल्या माणसाच्या बाजूनें निकाल ठरविला. बारावा एकटा ऐकेना. इतरांनीं त्यास सोबतीखातर होकार देण्याचा आग्रह केला. त्यानें विचारलें कीं, तुम्ही आपल्या बुद्धीला पटलें तें केलें म्हणून स्वर्गांत जाल, आणि मी न पटणारें केलें म्हणून नरकांत जाईन. त्या वेळीं सोबतीखातर तुम्ही माझ्याबरोबर याल काय? मार्गारेट ह्यावर काय बोलणार! पत्नी ॲलिस ह्यांनींही घरच्या सुखाची आठवण दिली, तेव्हां ही कोठडीही आपल्या घराइतकीच स्वर्गाला जवळ आहे, असें त्यांनीं सुचविलें.

कैदेंत त्यांनीं शपथ घेतली नाहीं, आणि न घेण्याचें कारणही सांगितलें नाहीं. कारण मौनाबद्दल कायदा शिक्षा देऊं शकत नाहीं हें ते जाणून होते. ता. २२ जून १५३५ रोजीं बिशप फिशर ह्यांचा शिरच्छेद झाला. ता. १ जुलै रोजीं वेस्टमिन्स्टर येथें थॉमस मोर ह्यांचा खटला चालला. रिचर्ड रिच ह्या सरकारी अधिकाऱ्यानें त्यांच्या तोंडीं राजद्रोहाचे शब्द घातले. ती साक्ष खोटी असल्याचें त्यांनीं शपथपूर्वक सांगितलें. पंचांस दोषी ठरविण्यास पाव तास पुरला. निकाल लागल्यावर मात्र ते मोकळेपणीं बोलले. ज्या कायद्यावर हा आरोप उभारला आहे तो देवाच्या नियमाविरुद्ध आहे, देशाच्या जुन्या सनदेविरुद्ध आहे, आणि राज्याभिषेकाच्या वेळीं राजानें स्वतः घेतलेल्या शपथेविरुद्धही आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. नंतर, संत पौल व संत स्तेफन जसे आज स्वर्गांत मित्र आहेत तसे आपणही तेथें भेटूं, अशी त्यांनीं न्यायाधीशांसाठीं इच्छा व्यक्त केली.

ता. ६ जुलै १५३५ रोजीं सकाळीं टॉवर टेकडीवर त्यांचा शिरच्छेद झाला. राजाची आज्ञा होती कीं त्यांनीं थोडकेंच बोलावें, आणि ही शेवटची आज्ञाही त्यांनीं पाळिली. आपण राजाचे इमानी सेवक म्हणून मरत आहोंत, परंतु देवाचे सेवक आधीं आहोंत, एवढाच त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांचें शिर लंडनच्या पुलावर लावण्यांत आलें. तें मार्गारेटनें मिळविलें व जतन केलें. ता. १९ मे १९३५ रोजीं पोप अकरावे पायस ह्यांनीं त्यांस व बिशप फिशर ह्यांस संत म्हणून घोषित केलें, आणि २००० सालीं ते राज्यकर्त्यांचे व राजकारणी पुरुषांचे आश्रयदाते संत ठरले. दोघांचा सण ता. २२ जून रोजीं येतो.

वाचक बंधुभगिनींनो, थॉमस मोर ह्यांची परीक्षा लॅम्बेथ येथें झाली असें लोक म्हणतात. आम्हांस वाटतें कीं ती त्यापूर्वीं कितीतरी वर्षें रोज होत होती. ज्यानें हातमोज्यांबरोबर आलेलीं नाणीं परत केलीं नसतीं, त्याला पुढें शपथेचा कागद परत करतां आला नसता. तुमच्या-आमच्यापुढें टॉवरची कोठडी येण्याचा संभव थोडा. परंतु तराजू, वजनमाप, हजेरीचें पुस्तक, सातबाऱ्याचा उतारा, देवळाच्या फंडाचा हिशेब, साक्षीसाठीं पुढें केलेला कागद, ह्या गोष्टी आपल्यापुढें रोज येतात. आणि बाजूला कोणीतरी आपलाच मनुष्य सोबतीखातर होकार मागत असतो. त्या वेळीं त्या बाराव्या पंचाचा प्रश्न आपणांस आठवावा, आणि त्याला उत्तर देण्याचें बळ संत थॉमस मोर ह्यांच्या विनंतीनें प्रभूनें आपणां सर्वांस द्यावें, हीच आमची ज्युबिलीच्या दिवशीं प्रार्थना आहे.